मदत हवी आहे: शाळिग्राम खाली आणि त्याहून जुना समुद्र शिखरावर, असं कसं?

घाटवाट:
नमस्कार मंडळी. मी बँकेत नोकरी करतो, भूशास्त्राशी संबंध फक्त ट्रेकपुरता. तेव्हा जरा बेताने समजवा.

मे महिन्यात काली गंडकीच्या काठाने तातोपानीहून मुक्तिनाथला चालत गेलो. वरच्या टप्प्यात काळ्या, भुसभुशीत शेलमधून (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक) सुटलेले गोटे दिसले. एक आपसूक दुभंगला होता, आत चक्र! आमच्या देवघरातल्या शाळिग्रामासारखंच. हे अमोनाइट, म्हणजे गुंडाळीच्या शिंपल्यात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या समुद्री जीवांचे जीवाश्म, ज्युरासिक काळातले, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे, इथवर वाचलंय.

घोळ पुढे आहे. अन्नपूर्णेचा मुख्य माथा (८,०९१ मीटर) ऑर्डोव्हिशियन काळात समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडकाचा, म्हणजे ४४ कोटी वर्षांहून जुना. मग जुना खडक आभाळात आणि नवा पायाशी? सह्याद्रीत घाट चढताना खालचा लाव्हा आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा हिशेब. हिमालय उलटा झालाय का?

दुसरं, वाटेतल्या घासा-लेतेच्या घळीत कातळ निरखत गेलो, पण एक शिंपला दिसला नाही. माझी नजर कच्ची, की तिथे नसतातच?

काळाकातळ:
उलटा नाही हो, तिरका. पत्त्यांचा जोड घ्या आणि उत्तरेकडे उतरता धरा. आता सगळ्यात खालच्या पत्त्याची दक्षिणेची कड ही सगळ्यात वरच्या पत्त्याच्या उत्तरेकडच्या कडेपेक्षा उंच आहे ना? ती कड म्हणजे अन्नपूर्णा. तिच्या उत्तरेला मुक्तिनाथकडचं शेल हा वरचा पत्ता. तो पूर्वी दक्षिणेकडेही पसरलेला असणार, पण डोंगर उचलला जाताना तिथला झिजून गेला. खरं चित्र पत्त्यांइतकं सरळ नाही, थरांना घड्याही पडल्यात. जोमसोमच्या वाटेवरून निलगिरीच्या कड्यावर त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात, तुमच्या फोटोंत शोधा.

घळीबद्दल: नजर ठीक आहे. तिथला कातळ नीस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक. चुनखडकाच्या खाली एक मोठा भ्रंश (खडक तुटून सरकल्याची भेग) आहे आणि त्याखालचे खडक खोलवर तापून, दाबून पार बदललेत. त्यात शिंपला कसा टिकणार? नदीतला गोटा मात्र वरून वाहत तिथे येऊ शकतो.

घाटवाट:
पत्ते काढून बघितलं, पटलं! हिमालयासाठी पत्ते काढले यावर घरात कुणाचा विश्वास नाही, ते सोडा. मग माथ्यावर शाळिग्राम सापडेल का?

काळाकातळ:
नाही. ऑर्डोव्हिशियन काळात अमोनाइट जन्मालाच आले नव्हते. एव्हरेस्टचा माथाही त्याच काळातल्या चुनखडकाचा आहे. त्यात ट्रायलोबाइट (कवचाचे, नामशेष झालेले समुद्री जीव) आणि समुद्रकमळं (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) यांचे बारीक तुकडे सापडलेत, तेही बहुतेक सूक्ष्मदर्शकाखाली. चक्र बघायचं तर मुक्तिनाथच बरं.