टाचदुखी: शेक, मशीन, टेपिंग की व्यायाम? तुम्हाला कशाने उतार पडला?

रेवती:
परवा पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, आम्ही सगळे वारकऱ्यांचे पाय चेपायला बसलो होतो. एका मावशींच्या टाचेला हात लावला तर कळवळल्याच, म्हणाल्या "सकाळी पहिलं पाऊल टेकताना जीव जातो बाई, मग चाललं की हलकं होतं." अगदी हेच मी डॉक्टरांना सांगत होते तेव्हा, सगळं आठवलं. प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्यातला जाड पट्टा दुखावतो. मला आधी अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं मशीन, सोनोग्राफी नव्हे) आणि आयएफटी (सौम्य विजेच्या लहरींचं मशीन) दिलं, मशीन चालू असेपर्यंत छान वाटायचं, घरी येऊन ओट्याशी उभी राहिले की परत तेच. खरा फरक पडला तो ताण देण्याच्या व्यायामाने. पलंगावरून उतरायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढून धरायची, दहा मोजायचे, सोडायचं, असं दहादा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला की तो पट्टा सतारीच्या तारेसारखा ताणलेला लागतो, लागला म्हणजे बरोबर चाललंय. दिवसातून तीनदा. तुमचे अनुभव लिहा, त्या मावशींसारख्या कितीजणी हे नुसतं सोसत असतात.

चिंगी:
आयएफटीला +१. मला तर सगळं पॅकेजच घ्यायला लावलं, रोज मशीन, आणि व्यायाम शेवटच्या दिवशी कागदावर छापून हातात दिले. अजून राग येतो. कुकर झालाय, येते परत

दत्ता:
आमच्याकडे वीट चुलीत तापवायची, वर रुईची पानं ठेवायची नि त्यावर टाच दाबून शेकायची. आईची टाच भातलावणीनंतर हटकून धरायची, ती याच्यावरच कामं करायची. दवाखाना लांब होता हो.

स्मिता (फिजिओ):
दत्ताभाऊ, शेकाने आराम पडतो हे खरंय. फक्त शुगर असणाऱ्यांनी वीट वापरू नका, पाय बधिर असतील तर भाजलेलं कळत नाही. आणि रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट इजा होते.

आता मूळ विषय. मी पेशंटना स्ट्रेचिंगच्या जोडीला टाच उचलायचा व्यायाम देते. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, भिंतीचा आधार. एकाच पायावर ३ सेकंदात वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदात खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला बारा बाराचे तीन सेट, जमायला लागलं की पाठीवर सॅक आणि त्यात पुस्तकं. डेन्मार्कमध्ये याचा अभ्यास झालाय, २०१४ साली छापून आला, तीन महिन्यांनी हा गट नुसत्या स्ट्रेचिंगवाल्यांच्या पुढे होता, वर्षाने मात्र दोघं साधारण सारखेच. म्हणजे लवकर उभं राहायचं असेल त्यांना याचा उपयोग. अल्ट्रासाउंडने व्यायामात काही विशेष भर पडते असं मला तरी दिसलेलं नाही.

वाहक_एसटी:
आम्हाला ड्युटीवर कुठला जिना न कुठलं काय. मला टेपिंगने तारलं. टाचेपासून तळव्याला पट्ट्या मारून घेतल्या की दिवसभर उभं राहता येतं, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी घामाने सुटतं. बरं होत नाही त्याने, पण दिवस निघतो आणि आमच्यासाठी ती पण मोठी गोष्ट आहे.

गौरी_श्टुटगार्ट:
इकडे जर्मनीत डॉक्टरने बुटात घालायचे इनसोल लिहून दिले, पायाचं माप घेऊन बनवतात आणि बराचसा खर्च विमा देतो. रात्री घालायचा स्प्लिंट पण होता, पाऊल काटकोनात धरून ठेवतो, सकाळचं ते पहिलं पाऊल खूप सुसह्य होतं पण झोपेचं खोबरं, नवऱ्याला लाथा बसायच्या त्या वेगळ्याच 😄

चिंगी:
गौरी 😂😂 बिचारा
बाकी घरात चप्पल घालता का कोणी? मला एमसीआर चप्पल (मऊ रबराच्या तळाची) घालायला सांगितलीय, सासूबाईंना स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही. फरशी गार आणि टणक.

रेवती:
घाल गं, त्यांना सांग डॉक्टरांनी सांगितलंय. नवीन जोड आणून फक्त घरासाठीच ठेवायचा, देवघरापाशी काढायचा. माझ्या आईने हे ऐकून स्वतःलाही आणून घेतली, आता दोघींच्या चपला सारख्या दिसतात म्हणून रोज वाद

माधव:
एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलंय म्हणाले, ते कापावं लागतं का? झोप उडालीय माझी.

स्मिता (फिजिओ):
माधवदादा घाबरू नका. तसलं हाड काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतं. बहुतेक लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात, फक्त महिने लागतात, कधी वर्षही. मात्र रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, सूज, ताप किंवा मुंग्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

अभिजित:
मी व्यायाम करून करून कंटाळलो तेव्हा शॉकवेव्ह घेतली. विजेचा शॉक नसतो, दाबलहरींचे ठोके असतात टाचेवर. आठवड्याला एक बैठक. दुखतं, पहिल्यांदा दात आवळून बसलो. लगेच काही कळलं नाही, पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू उतरलं. सोबत व्यायाम चालूच होता म्हणून श्रेय कोणाला द्यायचं सांगता येणार नाही. पण महाग आहे, ती पहिली पायरी नको.

चिंगी:
स्मिता, आमच्याकडे जिना नाही, म्हणजे आहे पण तिथे सगळ्यांच्या सायकली. पाटावर चालेल का?

स्मिता (फिजिओ):
चालेल, पाट भिंतीला टेकवून ठेव म्हणजे सरकणार नाही, आणि टाच खाली गेल्यावर जमिनीला लागत असेल तर दोन पाट घे.