लॅक्रॉस : नियम पाठ असलेल्या नव्या पंचांना मैदानावर कसे तयार करावे?

प्रश्न (पंचवर्ग_संयोजक)

नमस्कार. आमच्या साखळी स्पर्धेसाठी पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसचे (जाळी लावलेल्या स्टिकने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या खेळाचे) नवे पंच तयार करण्याची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. वर्गात साधारण निम्मे जण माजी खेळाडू आहेत आणि उरलेले दुसऱ्या खेळांत पंचगिरी केलेले आहेत. लेखी परीक्षेत सर्वांनी उत्तम गुण मिळवले. वैयक्तिक (गंभीर, धोकादायक) फाउलला एक ते तीन मिनिटे शिक्षा होते, तांत्रिक (सौम्य) फाउलच्या वेळी प्रतिस्पर्ध्याकडे ताबा असेल तर ३० सेकंद आणि नसेल तर केवळ चेंडूचा ताबा द्यायचा, प्रत्येक संघाचे किमान चार खेळाडू बचावाच्या आणि तीन आक्रमणाच्या अर्ध्या भागात राहिले पाहिजेत, हे सारे ते न अडखळता सांगतात.

सराव सामन्यांत मात्र चित्र वेगळे दिसते. चेंडू एका बाजूला गेला की दोन्ही पंचांची नजर त्याच्यामागे जाते आणि क्रीजसमोर (गोलभोवतीच्या वर्तुळासमोर) कुणी कुणाला पाठीमागून ढकलले, हे एकालाही दिसत नाही. मागच्या सामन्यात बचावपटूने केलेले स्लॅशिंग (स्टिकचा अवैध फटका) एका नव्या पंचाने अचूक टिपले, फ्लॅगही (फाउलची खूण म्हणून टाकायचे फडकेही) टाकला, पण त्याच क्षणी शिट्टी वाजवली. ज्याच्यावर फाउल झाला तो खेळाडू गोलरक्षकासमोर मोकळा उभा होता, आणि शिट्टीमुळे त्याची संधी गेली. दुसरे काही जण याच्या उलट वागतात. फाउल दिसूनही ते हात वर करत नाहीत आणि विचारल्यावर ‘खात्री नव्हती’ असे सांगतात.

माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. प्रशिक्षणाचा क्रम कसा लावावा, म्हणजे पुस्तकातले ज्ञान डोळ्यांत आणि पायांत उतरेल? आणि सामन्यादरम्यान व सामन्यानंतर नव्या पंचाला किती सांगावे? ज्यांनी प्रत्यक्ष पंच घडवले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

---

प्रतिसाद १ (जुनी_शिट्टी)

आपण वर्णन केलेल्या अडचणी नियमांच्या नाहीत, त्यामुळे नियमांची आणखी उजळणी घेऊन त्या सुटणार नाहीत. माझ्या मते आधी जागा, मग नजर आणि सर्वांत शेवटी शिट्टी, असा क्रम असावा. बहुतेक वर्गांत तो उलटा असतो. चुकीच्या जागी उभ्या असलेल्या पंचाला फाउल दिसतच नाही, आणि न दिसलेल्या फाउलवर नियमाचे ज्ञान चालवता येत नाही. ‘खात्री नव्हती’ म्हणणाऱ्या पंचाला धीट व्हायला सांगण्यापूर्वी तो नेमका कुठे उभा होता, हे पाहावे. पुष्कळदा दोन खेळाडूंच्या पाठी त्याच्या आणि फाउलच्या मध्ये आलेल्या असतात.

दोन पंचांच्या पद्धतीत लीड (पुढचा पंच) गोलरेषेच्या सरळीत बाजूला उभा राहतो आणि गोल, क्रीज व अंत्यरेषा सांभाळतो. ट्रेल (मागचा पंच) आक्रमणाच्या वरच्या भागाकडे, मध्यरेषा आणि बदली खेळाडूंच्या जागेवर लक्ष ठेवता येईल अशा ठिकाणी असतो. बचाव करणाऱ्या संघाला चेंडू मिळून खेळ उलट दिशेने धावू लागला की ट्रेलचा लीड होतो आणि लीडचा ट्रेल. फळ्यावर हे सोपे दिसते, मैदानावर मात्र नवा पंच नेमका या बदलाच्या वेळी चेंडूकडे बघत उभा राहतो आणि नव्या जागी पोहोचायला त्याला उशीर होतो. म्हणून पहिल्या सत्रात शिट्ट्या वाटूच नका. खेळाडू अर्ध्या वेगाने चेंडू एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत नेतील आणि पंचांनी फक्त जागा घ्यायच्या. ट्रेलने मध्यरेषेवर दोन्ही संघांचे मागे राहिलेले खेळाडू मोठ्याने मोजायचे. ऑफसाइडची, म्हणजे चार-तीन खेळाडूंच्या नियमाची, मोजणी सवयीत मुरते ती अशीच.

नजरेचा सराव दुसऱ्या सत्रात घ्यावा. एका गोलसमोर सहा आक्रमक, सहा बचावपटू आणि गोलरक्षक यांचा खेळ लावा आणि प्रत्येक नव्या पंचाला चेंडूपासून दूर असलेली एकच जोडी नेमून द्या. खेळ थांबल्यावर त्याला फक्त त्या जोडीविषयी विचारा: आधी कुणी कुणाला धरले, स्टिकची दांडी कुठे लागली, हात कुठे होते. ‘गोल झाला का?’ हा प्रश्न विचारूच नका. सुरुवातीला त्याला हे फार अवघड जाते, कारण चेंडूकडे पाहणे ही आपल्या सर्वांची उपजत ओढ आहे. लॅक्रॉसमध्ये ती विशेष घातक ठरते. नामांकित पुरुष खेळाडूंचा शॉट ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि शॉट सुटल्यावर चेंडूमागे वळलेल्या ट्रेलला शॉट मारणाऱ्या खेळाडूला उशिरा बसलेली धडक दिसत नाही. शॉट सुटला की चेंडू लीडचा आणि शॉट मारणारा खेळाडू ट्रेलचा, ही वाटणी इतकी पक्की झाली पाहिजे की दोघांपैकी कुणालाही विचार करावा लागू नये. लीडला त्याच क्षणी आणखी एक काम असते. शॉट चुकून चेंडू बाहेर गेला, तर सीमा ओलांडताना चेंडूच्या सर्वांत जवळ ज्या संघाचा खेळाडू होता त्याला ताबा मिळतो, म्हणून गोलकडे पाहून झाले की त्याची नजर लगेच अंत्यरेषेवर गेली पाहिजे.

आता फ्लॅग टाकताच वाजलेल्या शिट्टीविषयी. इतर खेळांतून आलेल्या पंचांच्या हाताला ‘फाउल म्हणजे शिट्टी’ हे वळण लागलेले असते. त्यांच्याकडून शिट्टीच्या आधी प्रत्येक वेळी एका प्रश्नाचे उत्तर मोठ्याने वदवून घ्यावे: ‘ताबा कुणाचा?’ ज्याच्यावर फाउल झाला त्याच्याच संघाकडे चेंडू असेल, तर फ्लॅग टाकून ‘फ्लॅग डाऊन’ असे ओरडायचे आणि खेळ चालू ठेवायचा. तो नेमका कोणत्या क्षणी थांबवायचा, हे आपण वापरता त्या नियमपुस्तकाप्रमाणे शिकवावे. चेंडू मोकळा पडलेला असताना तांत्रिक फाउल झाला, तर एक हात वर करून ‘प्ले ऑन’ म्हणायचे. अन्याय झालेल्या संघाने चेंडू उचलला तर हात खाली, संधी हुकली तर शिट्टी. फाउल करणाऱ्याच्याच संघाकडे ताबा असेल, तर मात्र शिट्टी लगेच वाजली पाहिजे. या तीन वाटा वेगवेगळ्या सत्रांत शिकवल्या, तर प्रत्यक्ष सामन्यात पंच त्यांत गोंधळतो. एकाच सत्रात, न सांगता बदलत्या प्रसंगांतून त्या घोटून घ्याव्यात. शिट्टी ओठांत धरून धावण्याची सवयही मोडून काढावी. ती बोटात अडकवलेली असेल, तर हात तोंडापर्यंत जाईतो ‘ताबा कुणाचा?’ याचे उत्तर मनात तयार झालेले असते.

आपल्या वर्गातील दोन गटांविषयीही थोडे लिहितो. माजी खेळाडूला स्टिकची हालचाल उत्तम कळते, मात्र स्वतः वर्षानुवर्षे जशी धडक दिली तशी धडक फाउल ठरवायला त्याचे मन सहसा तयार होत नाही. दुसऱ्या खेळातल्या पंचाचा आवाज आणि देहबोली ठाम असते, पण हातमोज्यावर पडलेला वैध चेक (चेंडू सोडवण्यासाठी मारलेला स्टिकचा फटका) आणि मनगटावर पडलेले स्लॅशिंग यांतला फरक त्याला ओळखता येत नाही. त्यांच्या जोड्या मिसळून लावाव्यात.

---

प्रतिसाद २ (टेबल_नोंदणी)

मी नोंद-टेबलावर काम करतो, त्यामुळे मला दिसणारी उणीव थोडक्यात मांडतो. पुष्कळ नवे पंच फाउल अचूक देतात, पण तो टेबलाला कळवताना घाई करतात. धावत येतात, खेळाडूकडे बोट दाखवतात, पाठ फिरवताना शिक्षेची वेळ सांगतात आणि परत जातात. मग चुकीच्या खेळाडूच्या नावावर शिक्षा लागते आणि दोन्ही प्रशिक्षक टेबलाभोवती जमतात.

टेबलाला स्पष्ट ऐकू जाईल इतके जवळ यावे, थांबावे आणि ठरलेल्या क्रमाने बोलावे: रंग, क्रमांक, फाउल, वेळ. ‘निळा, चौदा, स्लॅशिंग, एक मिनिट.’ त्याबरोबर हाताची खूण करावी आणि मग चेंडू कुणाला व कुठे, ते सांगावे. गोल झाल्यावर सुटणारी शिक्षा आणि पूर्ण भोगावी लागणारी शिक्षा यांतला भेदही त्याच वेळी सांगितला गेला पाहिजे, कारण घड्याळ आम्ही चालवतो. प्रत्येक नव्या पंचाला एखादा सामना टेबलावर बसवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पंचाचे अर्धवट वाक्य टेबलावर किती गोंधळ उडवते, हे तिथे बसल्याशिवाय समजत नाही.

---

प्रतिसाद ३ (कमानीपाशी)

मी महिलांच्या सामन्यांत पंच म्हणून काम करते आणि नव्या पंचांना शिकवते. आपला प्रश्न पुरुषांच्या प्रकाराविषयी असला, तरी आपल्यापैकी काही पंच पुढे दोन्ही प्रकारांत जातील, म्हणून लिहीत आहे.

‘आधी जागा’ हा वरील मुद्दा आमच्याकडे अधिकच लागू पडतो. महिलांच्या खेळात गोलरक्षक सोडल्यास बहुतेक खेळाडूंच्या डोक्यावर पुरुषांसारखे शिरस्त्राण नसते, डोळ्यांचे संरक्षक आणि माउथगार्ड असतात. त्यामुळे गोलकडे जाणाऱ्या शॉटच्या वाटेत बचावपटूने अवैधरीत्या उभे राहणे हा तिच्या स्वतःच्याच जिवाशी खेळ ठरतो आणि ‘शूटिंग स्पेस’चा फाउल त्यासाठीच आहे. नव्या पंचांना तो शब्दांत कितीही समजावला, तरी पकडता येत नाही, कारण त्या मोकळ्या जागेचा आकार चेंडूबरोबर सतत बदलत असतो.

मी दोन लांब दोऱ्या वापरते. गोलवर्तुळाच्या दोन्ही कडांना त्यांचे एकेक टोक बांधते आणि दुसरी टोके चेंडू असलेल्या खेळाडूच्या हाती देते. ती गोलसमोर आखलेल्या आठ मीटरच्या कमानीभोवती चालू लागली की दोऱ्यांमधला पट्टा तिच्याबरोबर सरकतो. मधोमध असताना तो रुंद असतो आणि बाजूच्या अरुंद कोनाकडे जाता जाता निमुळता होतो. बचावपटूंना त्या पट्ट्यात आत-बाहेर करायला लावते आणि नव्या पंचाला विचारते, आत्ता कोण आत आहे, तिच्या स्टिकच्या टप्प्यात कुणी आक्रमक आहे का, आणि चेंडूवाली खेळाडू खरोखर शॉटच्या विचारात आहे का. पंच वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून हे पाहतात, तेव्हा एकाच प्रसंगात एकाला फाउल दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही. मग कोणत्या कोनातून पाहावे, यावर त्यांची आपापसांत जी चर्चा होते, ती माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडते.

चित्रीकरणाविषयी एक सूचना. सामन्याचे चित्रण दाखवताना शक्यतो उंचावरून, पंचासह पूर्ण मैदान दिसेल असे घ्यावे. चेंडूमागे फिरणाऱ्या कॅमेऱ्यामुळे आपण घालवू पाहत असलेली सवयच पक्की होते.

---

पंचवर्ग_संयोजक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिट्टीविना पहिले सत्र आणि ‘ताबा कुणाचा?’ हा प्रश्न, दोन्ही येत्या वर्गात घेईन. टेबलावर बसवण्याची सूचनाही लगेच अमलात आणता येईल.

एक शंका उरते. नव्या पंचाबरोबर अनुभवी पंच मैदानात असेल आणि नव्याच्या हद्दीतला फाउल सुटला, तर अनुभवी पंचाने शिट्टी वाजवावी का? वाजवली तर नवा पंच खचतो आणि पुढे प्रत्येक वेळी जोडीदाराकडे बघत राहतो. नाही वाजवली तर खेळाडूंवर अन्याय होतो. शिवाय बाकाजवळचे प्रशिक्षक नवा पंच नेमका हेरतात आणि पूर्ण सामनाभर त्याच्यावर ओरडतात. चांगले तयार होत असलेले काही जण याच कारणाने सोडून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

---

जुनी_शिट्टी

ही शंका रास्त आहे. माझ्या अनुभवात फाउलच्या स्वरूपावरून सीमा आखलेली चांगली. डोक्याला किंवा मानेला लागलेला चेक, मागून दिलेली धडक, पडलेल्या खेळाडूवर केलेला आघात, अशा ठिकाणी जो पाहील त्याने कुठूनही फ्लॅग टाकावा, आणि हे सामन्याआधीच्या बोलण्यात नव्या पंचाला स्पष्ट सांगितलेले असावे, म्हणजे त्याला ते अपमानासारखे वाटत नाही. क्रीजमध्ये पडलेले पाऊल, चेंडू हाती आल्यावर गोलरक्षकाचे क्रीजमधले चार सेकंद, किरकोळ ढकलाढकल, हे त्याच्या हद्दीतले निर्णय त्याच्यावरच सोडावेत. त्यांतला एखादा सुटेल, हे नव्या पंचाला सामना देतानाच आपण स्वीकारलेले असते, आणि म्हणूनच त्याला आरंभी लहान वयोगटाचे, कमी चुरशीचे सामने द्यावेत.

प्रशिक्षकांच्या ओरडण्याचा भार नव्या पंचावर टाकू नये. तीन पंचांच्या रचनेत त्याला पहिल्या सत्रात बाकांपासून दूरची बाजू द्या आणि बाकांच्या बाजूला सर्वांत अनुभवी पंच ठेवा. सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना भेटताना अनुभवी पंचानेच सांगावे की शंका असल्यास माझ्याशी बोलावे. मर्यादा ओलांडली गेली, तर खेळाडूवृत्तीला न शोभणाऱ्या वर्तनाची शिक्षा द्यायला कचरू नये, आणि तो फ्लॅग शक्यतो अनुभवी पंचानेच टाकावा. अशा प्रसंगी जोडीदार पाठीशी उभा राहिलेला पाहिला की नवा पंच टिकतो.

किती सांगावे, याविषयी मी फार काटेकोर आहे. मध्यंतरात एकच गोष्ट सांगावी, तीही जागेविषयी: ‘गोलरेषेपासून तीन पावले मागे राहा.’ निर्णय बरोबर की चूक, याची चर्चा मध्यंतरात नको, कारण उरलेला सामना तो त्याच निर्णयाची भरपाई करत खेळवतो. सामन्यानंतर आधी त्याला बोलू द्या. कोणता प्रसंग त्याला पुन्हा पाहावासा वाटतो, असे विचारा. बहुधा तो स्वतःच नेमका तो प्रसंग सांगतो. मग त्या वेळी तो कुठे उभा होता, नजर कुठे होती आणि ताबा कुणाचा होता, एवढ्या तीनच बाबी त्याच्याकडून काढून घ्या आणि पुढच्या सामन्यासाठी यांतली एक निवडून त्याच्या वहीत त्याच्याच हाताने लिहायला सांगा.