लवचिक की स्थितिस्थापक? (जेलीफिशचे धागे)

भाचीचा_मामा: भाचीच्या सायन्सच्या चार्टचं मराठी मी करून दिलं. जेलीफिशच्या बाहेरच्या आणि आतल्या कातडीच्या मधे जो जेलीचा थर असतो, मेसोग्लिया, त्यातल्या इलॅस्टिक फायबरना मी 'लवचिक धागे' लिहिलं तर सरांनी दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारली. काय चुकलं ओ?

निवृत्त_बाई: लवचिक म्हणजे लवणारं, वेताची छडी लवते तसं. इथं ताणून सोडल्यावर मूळ जागी येणं महत्त्वाचं. जेलीफिशची छत्री मिटायला स्नायू आहेत, उघडायला नाहीतच! मिटताना जेलीचा थर जाड होतो, त्यातून आरपार गेलेले तंतू ताणले जातात, स्नायू सैल पडले की त्यांच्या ओढीनं छत्री परत उघडते. म्हणून स्थितिस्थापक. शब्दातच सगळं आलं.

बारावी_कॉमर्स: मग आम्हाला इकॉनॉमिक्समधे इलॅस्टिसिटीला 'मागणीची लवचिकता' कशी शिकवली बाई? मागणी काय छडी आहे का 😀

यंत्रमाग_सोलापूर: धाग्यावरची रेघ बरोबरय. कापसाचा तंतू, पीळ दिला की सूत. हे जेलीतलं किती बारीक असतंय?

भाचीचा_मामा: फायब्रिलिन नावाच्या प्रोटीनचे अतिबारीक तंतू, एकेक १० ते १२ नॅनोमीटर, त्यांची जुडी म्हणजे एक फायबर. आपल्या अंगात त्याच्या जोडीला इलॅस्टिन हे दुसरं प्रोटीन पण असतं, जेलीफिशमधे ते नाहीच, इलॅस्टिन फक्त कणा असलेल्या प्राण्यांत. म्हणजे इलॅस्टिन नसून इलॅस्टिक!

शुद्धलेखन: प्रोटीन नव्हे, प्रथिन. जुडीतल्या बारक्याला 'तंतुक' म्हणा. आणि जेलीफिश कशाला, कोकणात 'झार' म्हणतात की.

यंत्रमाग_सोलापूर: सोलापुरात झार म्हणलं तर लोक भजी काढायचा झारा आणून देतील. मेसोग्लियाचा अर्थ काय पण?

निवृत्त_बाई: ग्रीक आहे. मेसो म्हणजे मधला, ग्लिया म्हणजे सरस.

यंत्रमाग_सोलापूर: मग 'मधली खळ' म्हणा! सुताला लावतो ती.

शुद्धलेखन: खळ सुकून कडक होते, जेली पाण्यानं भरलेली असते. असल्या थट्टेनंच चांगले शब्द मेले.

यंत्रमाग_सोलापूर: थट्टा नाही ओ साहेब, आमचं पोट आहे त्याच्यावर.

बारावी_कॉमर्स: आमची आजी चड्डीच्या नाडीलाच इलॅष्टिक म्हणते, तिला स्थितिस्थापक नाडी म्हणायला लावू का बे?

निवृत्त_बाई: नाडी वेगळी रे बाळा. नाडी बांधावी लागते, इलॅष्टिक आपलं आपण धरतं.

भाचीचा_मामा: उद्या सकाळी चार्ट द्यायचाय ओ. 'ताणतंतू' चालेल का?

शुद्धलेखन: ते झारचं अनेकवचन कुणी सांगेल का, झार की झारी?