चर्चा: युद्धातल्या साथीचे मृत्यू कुणाच्या खात्यात?

मांजराकाठ (लातूर): गाझात २५ वर्षं पोलिओचा एकही रुग्ण नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांचं बाळ त्यानं लुळं पडलं. येमेनमध्ये २०१६ पासूनच्या साथीत कॉलऱ्याचे संशयित रुग्ण २५ लाखांवर गेले. गटाराची लाईन फुटली, पाणी सोडायच्या पंपाला डिझेल नाही, तर दुसरं काय होणार? गोळीनं मेलेले तेवढे मोजायचे आणि हगवणीनं गेलेली लेकरं नशिबाच्या माथी मारायची, हे मला मान्य नाही.

बालाघाट (बीड): नाही पटलं. आमच्या जिल्ह्यात मामल्याला १९९४ मध्ये प्लेग निघाला, तेव्हा कुठलं युद्ध चालू होतं? उलट श्रीलंकेत १९८३ ते २००९ यादवी झाली, तरी २०१६ ला तो देश मलेरियामुक्त जाहीर झाला. कारभार धड असला की साथ आवरते. उगं सगळं बॉम्बवर ढकलायलेत तुम्ही.

मांजराकाठ: श्रीलंका तर माझ्याच बाजूची आहे. मलेरियाचं काम करणाऱ्यांना सरकारशी लढणाऱ्या ‘तमिळ वाघ’ (एलटीटीई) बंडखोरांनीही अडवलं नाही, म्हणून लढाईच्या पट्ट्यातही रुग्ण घटले. तरी तिथला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला २०१२ ला, लढाई थांबल्यावर. आणि आपलं किल्लारी बघा. १९९३ मध्ये जवळपास दहा हजार माणसं गेली, पण मदतीच्या ट्रकवर कुणी बंदूक रोखली नव्हती. भूकंपात आणि युद्धात फरक एवढाच, पण तोच मोठा आहे.

जुनी सिस्टर (परभणी): पल्स पोलिओला दारोदार फिरलेली बाई आहे मी, म्हणून बोलते. लस डब्यात असून भागत नाही, दार उघडावं लागतं. काँगोत २०१८ ते २०२० च्या इबोलात लस हाताशी होती, तरी २,२०० वर माणसं गेली. का? पथकांवर हल्ले, आणि लोकांचा सरकारवर काडीचा भरवसा नाही. पाकिस्तानात तर लादेनला शोधायला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं अबोटाबादला लसीकरणाचं सोंग केलं. पुढं लस पाजणाऱ्या बायांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्या सोंगाकडंही बोट दाखवलं गेलं. याउलट एल साल्वाडोरमध्ये १९८५ ला पोरांना लस द्यायला दोन्हीकडच्यांनी काही दिवस लढाई थांबवली. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

बालाघाट: सिस्टर, हेच तर म्हणतोय मी! माणसाच्या हातातली गोष्ट आहे. १९७१ ला बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं, तर डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. युद्ध चालूच होतं की.

मांजराकाठ: चालू होतं, पण सीमेपलीकडं. बनगाव भारतात आहे, भाऊ. तीच छावणी गोळीबाराच्या टप्प्यात असती, तर साखरेचं पोतं तरी पोचलं असतं का?

जुनी सिस्टर: आणि हिशेब मांडताच आहात, तर लसवाल्याच्या वेशात माणूस पाठवणाऱ्यांचंही खातं उघडा. अबोटाबादला काही लढाई चालू नव्हती.