मदत हवी आहे : मल्टिपल स्क्लेरोसिस असताना व्यायाम कसा करावा, हे नाशिकमध्ये कोण शिकवते?

नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय ४१, एका पतसंस्थेत नोकरी करते. २०२१ मध्ये मला मल्टिपल स्क्लेरोसिसचे (पुढे एमएस) निदान झाले. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, आणि आवरण खराब झाले की नसांतून जाणारे संदेश मंदावतात किंवा अडतात. औषधोपचार नियमित चालू आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न व्यायामाचा आहे, आणि तो ‘कोणता व्यायाम करू’ यापेक्षा ‘तो शिकवणार कोण’ असा आहे.

निदानानंतर ‘हलका व्यायाम चालू ठेवा’ असे सांगून एक झेरॉक्स कागद माझ्या हाती देण्यात आला. त्यावर बहुधा गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी काढलेली आठ चित्रे होती आणि प्रत्येकाखाली ‘१० वेळा, दिवसातून ३ वेळा’ असे छापलेले होते. थकवा आला तर थांबायचे की रेटायचे, उन्हाळ्यात काय करायचे, पाय जड झाला तर तो आजार वाढल्याचा इशारा समजायचा का, यावर एक अक्षरही नव्हते. तो कागद मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि दीड महिना इमानेइतबारे त्याप्रमाणे केले.

मग मे महिन्यात एका दुपारी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती म्हणून मी जिना चढले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उजव्या डोळ्यासमोर धुरकट पडदा आला. समोरच्या दारावरची पाटी दिसत होती, पण तिच्यावरची अक्षरे ओल्या हाताने पुसल्यासारखी झाली होती. मी तिथेच पायरीवर बसले. शेजारच्या काकूंनी ओला नॅपकिन मानेवर ठेवला, पंखा लावून घरात बसवले, आणि वीस-पंचवीस मिनिटांत अक्षरे पुन्हा जागेवर आली. व्यायामामुळेच आजार बळावला, यावर घरात सर्वांचे एकमत झाले. ‘आता दगदग नको, तू बसून राहा,’ असे सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या, आणि मीही इतकी घाबरले होते की पुढचे आठ महिने व्यायामाचे नाव काढले नाही.

त्या आठ महिन्यांत डाव्या पायाचा चवडा नीट उचलला जाईनासा झाला. उंबरठा ओलांडताना डावी चप्पल मागेच राहायची आणि चार पावले गेल्यावर फरशी गार लागली की मला ते कळायचे. यातले आजारामुळे किती आणि बसून राहिल्यामुळे किती, हे मला सांगता येणार नाही. पण तोवर धडधाकट असलेला उजवा पायही एक मजला चढताना थरथरू लागला, तेव्हा ताकद बसण्यानेच गेली असावी असे मला वाटते.

जिन्यात जे झाले त्याला ‘ऊथॉफ फिनॉमेनन’ असे नाव आहे, हे मला फार उशिरा कळले. विल्हेल्म ऊथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्येच ते नोंदवून ठेवले आहे. शरीराचे तापमान थोडे जरी वाढले तरी आवरण गेलेल्या नसांतून संदेश नीट जात नाहीत आणि अंग निवले की ते पूर्ववत होतात. नसांना त्यामुळे नवी इजा होत नाही. तरीही कित्येक दशके एमएसच्या रुग्णांना विश्रांतीच सांगितली जात असे. १९९६ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १५ आठवड्यांच्या एरोबिक (चालणे, सायकल यांसारख्या दम वाढवणाऱ्या) व्यायामाने रुग्णांचा दमसास आणि रोजचे जगणे सुधारते असे दाखवले. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांनी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम एरोबिक आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे २०१३ मध्ये आली. हे सारे मी रात्री मोबाइलवर इंग्रजीतून, शब्द अडला की शोधत वाचले. जिन्यात बसले त्या दिवशी कोणी मराठीत दोन वाक्ये सांगितली असती, तर माझे आठ महिने वाया गेले नसते.

म्हणून विचारते. नाशिकमध्ये एमएसच्या रुग्णांना एकत्र बसवून, त्यांच्या घरच्यांसह, व्यायाम समजावून सांगणारे कोणी आहे का? मेंदू व मज्जासंस्थेच्या रुग्णांचा अनुभव असलेले फिजिओथेरपिस्ट कसे ओळखावेत? कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा त्र्यंबक रस्त्यावरचा सावरकर जलतरण तलाव तोल जाणाऱ्या माणसाला कितपत सोयीचा आहे, विशेषतः पाण्यात उतरायला कठडा धरता येतो का? आणि जे स्वतः या आजारासह व्यायाम करत आहेत, त्यांनी आपला वाईट दिवस कसा सांभाळला हे लिहिले तर मला सर्वाधिक उपयोग होईल.

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकरोडला असते. तुम्हाला न तपासता तक्ता देणार नाही, पण समजून घेण्याच्या काही गोष्टी सांगते.

चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागणे म्हणजे मध्यम व्यायाम. ३० मिनिटे सलग लागत नाहीत, दहा-दहाचे तीन तुकडे चालतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत उरकावे, आधी गार पाणी प्यावे आणि मानेवर ओला पंचा ठेवावा. लघवीच्या घाईमुळे अनेकजणी पाणीच कमी करतात, ते करू नका. तोल सांभाळण्याचा सराव ओट्याजवळ उभे राहून करा, म्हणजे हात टेकायला जागा राहते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. पाच वेळा केल्यावर दोन मिनिटे थांबायचे.

व्यायामाने वाढलेला त्रास अंग निवल्यावर ओसरतो. नवे लक्षण ताप नसताना २४ तासांहून अधिक टिकले तर मात्र व्यायाम थांबवून न्यूरॉलॉजिस्टना कळवा. चवडा पडतो त्यासाठी घोट्याचा स्प्लिंट लागेल का, हे तपासून घ्याच. चप्पल सोडून मागे पट्टा असलेली सँडल आजपासून घाला. आणि फिजिओथेरपिस्ट निवडताना ‘न्यूरो’ म्हणजे मज्जासंस्थेच्या विषयात एमपीटी (फिजिओथेरपीतील पदव्युत्तर पदवी) केले आहे का, हे निःसंकोच विचारा.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. ‘गाणे म्हणता येत नाही एवढा दम’ हे त्यांना लगेच पटले आणि उद्या सकाळी साडेसहाला त्या माझ्याबरोबर ट्रॅकवर येणार आहेत. सँडल आज संध्याकाळी आणते. तलावाच्या कठड्याबद्दल कोणाला माहिती असल्यास अजूनही हवी आहे.