प्रतिसाद: मॉस कुठेही उगवतं?

ऑर्किड नाजूक म्हणून आधी त्याला जपावं, मॉस (ओल्या दगडांवर, भिंतींवर वाढणारी बिनफुलांची छोटी हिरवी वनस्पती) काय ओल मिळाली की कुठेही उगवतं, हे एका वाचकाचं मत निम्मंच पटलं. ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो, निसर्गात बुरशीच्या साथीशिवाय त्या रुजत नाहीत, हे खरंच. अगदी सर्रास आढळणाऱ्या ऑर्किडचंही तसंच.

पण मॉसच्या कितीतरी जातींत नर-मादी रोपं वेगळी असतात आणि नरपेशींना पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपर्यंत जावं लागतं. खडकावर एकाच लिंगाची रोपं उरली की बीजाणू (बियांचं काम करणारे सूक्ष्म कण) बंद! मग तुकड्यांतून पसरणं तेवढं उरतं, आणि अशी नवी रोपं जनुकांनी मूळ रोपासारखीच. हिमालयातही आढळणाऱ्या टाकाकिया या दुर्मीळ मॉसचं शास्त्रीय वर्णन १९५८ मध्ये झालं, पण त्याची नर रोपं १९९० च्या सुमारास सापडली. अशा जातीला ‘कुठेही उगवणारी’ कसं म्हणायचं?