टेलटेल गेम्स कोणामुळे बुडाली?

निशाचर
२१ सप्टेंबर २०१८ रोजी टेलटेल गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने एका दिवसात जवळपास २५० जणांना घरी पाठवलं. मागे ठेवले फक्त २५, तेही माइनक्राफ्टचं नेटफ्लिक्ससाठीचं काम संपवायला. त्यांच्या 'द वॉकिंग डेड' या गेमचा शेवटचा सीझन मध्येच लटकला. माझं ठाम मत आहे की ही कंपनी खेळणाऱ्यांनी नाही, व्यवस्थापनाने मारली.

लुकासआर्ट्सने २००४ साली 'सॅम अँड मॅक्स'चा नवा गेम रद्द केला. तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सॅन राफाएलला टेलटेल काढली. गोष्टीचे गेम, भागाभागांत, मालिकेसारखे, आणि गोष्टीतले निर्णय खेळणाऱ्याने घ्यायचे. २०१२ च्या 'द वॉकिंग डेड'ने त्या वर्षीचे मोठमोठे पुरस्कार नेले. त्यात आगगाडीच्या डब्यात ली, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, छोट्या क्लेमेंटाइनचे केस कापतो, तिला बंदूक धरायला शिकवतो. गुण नाहीत, शत्रू नाही, तरी श्वास रोखून बसतो आपण. असं लिहिणारी माणसं ज्यांच्याकडे होती त्यांनी पुढे काय केलं? गेम ऑफ थ्रोन्स, माइनक्राफ्ट, बॅटमॅन, गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी, असे दुसऱ्यांच्या गाजलेल्या नावांवर गेम काढायचे एकामागून एक परवाने घेतले आणि साचा तोच ठेवला. इंजिनही, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, सुरुवातीच्या काळातलंच. हालचाली अडखळायच्या, सेव्ह केलेला खेळ उडायचा. 'वॉकिंग डेड'च्या पहिल्या सीझनचे दोन प्रमुख, शॉन वानामन आणि जेक रॉडकिन, २०१३ मध्येच बाहेर पडले आणि पुढे त्यांनी 'फायरवॉच' हा गेम केला. तिथेच घसरण सुरू झाली.

कोरा कागद
अजिबात पटलं नाही. दोष साच्याच्या वापरात नव्हता, साच्यातच होता.

'वॉकिंग डेड'च्या पहिल्याच भागात औषधांच्या दुकानात डग किंवा कार्ली, दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. घाम फुटतो निवडताना. पण तिसऱ्या भागात, तुम्ही ज्याला वाचवलंत तो गटातल्याच लिलीच्या गोळीने मरतोच! पहिल्यांदा खेळताना हे कळत नाही. दुसऱ्यांदा कळलं की निवडीनंतर पडद्यावर येणारं 'क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल' पोकळ वाटायला लागतं. मग कुणीतरी खेळलेलं यूट्यूबवर फुकट बघणं आणि पैसे देऊन स्वतः खेळणं यात उरलं काय? टेलटेलचाच 'टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स' समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तरी खपला नाही. त्याचं लेखन कमी पडलं असं कुणी म्हणेल का? नवं इंजिन आणून हे बदललं नसतं.

निशाचर
निवड म्हणजे फक्त शेवट बदलणं नव्हे. कार्ली मेली तेव्हा मला जे वाटलं, ते मी तिला वाचवलं होतं म्हणून. बघणाऱ्याला ते मिळत नाही.

सदाफुली
तुम्ही दोघंही गेमबद्दल भांडताय आणि माणसं राहून जातायत. मी स्वतः अॅनिमेशनमध्ये काम करते, म्हणून हे लागतं.

काढलेल्यांना भरपाईचा एक पैसा दिला नाही. आरोग्य विमा त्या महिनाअखेरपर्यंतच, म्हणजे जेमतेम नऊ दिवस. अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला असतो, त्यामुळे ज्याच्या घरात आजारपण आहे त्याने काय करायचं? मोठी कपात करताना ६० दिवस आधी सूचना देण्याचा कायदा आहे. त्याच आधारावर एका कर्मचाऱ्याने कंपनीला कोर्टात खेचलं. आणि हे अचानक आभाळ कोसळलं म्हणावं, तर नोव्हेंबर २०१७ मध्येच ९० जणांना, म्हणजे पाव कंपनीला, काढलं होतं. भागांच्या मालिकेत एक भाग गेला की लगेच पुढच्याची तारीख येते. एका मालिकेतून सुटलेला माणूस थेट दुसरीवर जुंपला जातो. क्रंच, म्हणजे मुदत गाठायला जादा तास राबणं, संपतच नाही. एवढं राबवून घेतलं आणि शेवटी रिकाम्या हाताने पाठवलं. खेळणारे मात्र विचारत होते, 'आमच्या उरलेल्या भागांचं काय?' मला तेव्हा फार संताप आला होता.

कोरा कागद
सदाफुलीताई, दुःख खरंच आहे. पण तिजोरीतच नसेल तर देणार कुठून? गुंतवणूकदार ऐनवेळी मागे फिरले अशा बातम्या तेव्हा होत्या.

सदाफुली
त्या शेवटच्या सीझनचा पहिला भाग ऑगस्टमध्ये आला तेव्हा चारही भागांचे पैसे आगाऊ घेत होते की! गुंतवणूकदारांच्या शेवटच्या सहीवर सगळं अडलं आहे हे वरच्यांना ठाऊक असणारच. तीच गोष्ट २५० घरांना आधी सांगता आली असती. आठवडाभर आधी सांगितलं असतं, तरी कुणी नवं घर भाडेकरारावर घेतलं नसतं.

निशाचर
हे मान्य, आणि माझ्या मुद्द्यालाच धरून आहे. साचा मेलेला असता तर तो सीझन स्कायबाउंडने कशाला उचलला असता? टेलटेलच्याच काही माणसांना घेऊन त्यांनी मार्च २०१९ पर्यंत तो पूर्ण केला.

कोरा कागद
स्कायबाउंड ही मूळ कॉमिकच्या लेखकाची कंपनी. आपलं नाव अर्धवट राहू नये म्हणून त्यांनी ते दोन भाग केले. तसला साचा चालतो असं त्यांना वाटलं असतं, तर पुढचा सीझनही काढला असता.